एकमेकांच्या मरणाची वाट पाहणं आता थांबवा

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या बिशपांना खुले पत्र

आदरणीय बिशप महोदय,

ख्रिस्तसभेत एक वाक्य चारचौघांत कुणी बोलत नाही. पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर चर्चच्या दाराशी, धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीच्या व्हरांड्यात, फोनवर ते सर्रास ऐकू येतं. "अजून दहा वर्षं कळ काढा. ही पिढी गेली की सगळं ताळ्यावर येईल." तिशीतला धर्मगुरू हे ऐंशीतल्या धर्मगुरूंबद्दल बोलतो. ऐंशीतले धर्मगुरू तरुण होते तेव्हा नेमकं हेच त्या काळच्या म्हाताऱ्यांबद्दल बोलत होते. काहींनी याला 'जैविक तोडगा' असं नावही देऊन टाकलं आहे. म्हणजे वाद मिटवायचा नाही, समोरच्याचं ऐकून घ्यायचं नाही, आपलं नीट सांगायचंही नाही. त्याच्या अंत्यविधीची तेवढी वाट पाहायची.

हे पत्र मी आपल्याला लिहिते आहे, कारण हे वाट पाहणं आता आपल्या कारभारातही उतरलं आहे. कुणाची बदली कुठे होते, सेमिनरीत कोण शिकवतं, कुठल्या मिस्सेला कुठली वेळ मिळते, कुठल्या गटाच्या पत्राला उत्तर जात नाही, यांत ते दिसतं. मी प्रापंचिक आहे, म्हणजे धर्मगुरू किंवा धर्मभगिनी नाही, आणि वयाने मधली. दुसरी व्हॅटिकन महासभा (१९६२ ते १९६५, जगभरच्या बिशपांची ती सभा जिने उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली) संपल्यावर जन्मले, आणि जुन्या लॅटिन मिस्सेकडे ओढली गेलेली पिढी माझ्यानंतरची. दोन्हीकडची माणसं माझ्या घरात आहेत, माझ्या प्रार्थनागटात आहेत. एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारणारी ही माणसं एकमेकांच्या जाण्याकडे डोळे लावून बसतात, हे मला बघवत नाही. हे पाप आहे असं मी मानते, आणि पाप म्हणूनच आपण त्याच्याकडे पाहावं अशी माझी विनंती आहे.

हे वाट पाहणं एकदा पुरतं फसलेलंही आहे. १९६९ साली पोप पॉल सहावे यांनी मिस्सेची नवी रचना जाहीर केली. जुन्या मिस्सेसाठी हळहळणारे लोक वयस्कर आहेत, त्यांच्याबरोबर ती मागणीही मातीआड जाईल, असं तेव्हा धरून चालण्यात आलं. २००७ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जुन्या मिस्सेला मोकळीक दिली, तेव्हा सोबत बिशपांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे नोंदवून ठेवलं आहे: ही मागणी त्या मिस्सेत वाढलेल्या पिढीपुरतीच राहील असा समज होता, प्रत्यक्षात तरुणांनाही तिची ओढ लागलेली दिसते. आज पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणाच्या, वेळी पॅरिसहून शार्त्रच्या कॅथीड्रलपर्यंत तीन दिवस पायी जाणाऱ्या यात्रेत हजारोंनी माणसं असतात, मिस्सा लॅटिनमधून असते, आणि चालणाऱ्यांत मोठा भरणा तरुणांचा असतो. अमेरिकेतल्या कॅथलिक युनिव्हर्सिटीने २०२२ साली साडेतीन हजारांवर धर्मगुरूंची पाहणी प्रसिद्ध केली. महासभेच्या काळात गुरुदीक्षा घेतलेल्यांपैकी बहुतेकांनी त्यात स्वतःला पुरोगामी म्हटलं होतं. २०२० नंतर दीक्षा घेतलेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिकांनी स्वतःला परंपरानिष्ठ म्हटलं. अतिपुरोगामी म्हणवणारा त्यांत एकही निघाला नाही. ज्यांच्या जाण्याची वाट पाहिली ते गेले, आणि त्यांची मागणी नातवंडांनी उचलून धरली.

आता तरुण बाजू तोच हिशेब उलटा मांडते आहे. तोही चुकणार, कारण महासभेने जे दिलं ते एका पिढीच्या आवडीनिवडीपुरतं नाही. ज्यू लोकांवर ख्रिस्ताच्या मृत्यूचा सरसकट ठपका ठेवता येणार नाही, हे ख्रिस्तसभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ठामपणे सांगितलं. श्रद्धेच्या बाबतीत कुणावर बळजबरी करता येणार नाही, हे त्याच वर्षी ७ डिसेंबरला सांगितलं. हे शब्द कुठल्याही पिढीबरोबर पुरता येणारे नाहीत. आणि आज गुडघे टेकून कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीराची भाकर, घेणाऱ्या जोडप्यांची मुलं उद्या वीस वर्षांची होतील. त्यांचे प्रश्न आईवडिलांचेच असतील असं कुणी समजू नये.

माझ्या ओळखीच्या दोघींबद्दल लिहिते. एक बाई ऐंशी ओलांडलेल्या. त्यांच्या लहानपणी मिस्सा चालू असताना त्या रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणत, कारण वेदीवर काय चाललं आहे ते कळत नसे आणि कळावं अशी अपेक्षाही नसे. महासभेनंतर काही वर्षांनी त्यांना पहिल्यांदा वाचनासाठी बोलावलं. आपल्याच भाषेतलं, बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचं वाचन. त्या वाचनाचा कागद त्यांनी अजून बायबलमध्ये ठेवला आहे. समासात पेन्सिलीने बारीक खुणा आहेत, कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा त्याच्या. पुढे कित्येक दशकं त्या वाचत राहिल्या, नंतर कम्युनियनही वाटू लागल्या. मग नवे तरुण फादर आले. एका रविवारी फलकावर वाचकांची नवी यादी लागली. तिच्यात एकाही बाईचं नाव नव्हतं. वेदीसेवेतून मुलीही वगळल्या गेल्या. फादरांनी कुणालाही बोलावून काही सांगितलं नाही. २०२१ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कायदा बदलून वाचक आणि वेदीसेवक ही अधिकृत सेवापदं स्त्रियांना खुली केली, हे त्या फादरांना माहीत नसेल असं मी मानत नाही.

दुसरी एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. तिच्या घरात देवाचं नाव कुणी घेत नसे. कॉलेजात असताना ती श्रद्धेकडे वळली आणि प्रौढ वयात तिने बाप्तिस्मा घेतला. नवी यादी लागण्याच्या काही महिने आधीची गोष्ट. कम्युनियनच्या रांगेत तिची पाळी आली तेव्हा तिने गुडघे टेकले. कम्युनियन वाटणाऱ्या बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "उभी राहा, मागे लोक खोळंबलेत." ती उठली, उभ्यानेच कम्युनियन घेतली, आणि पुढच्या रविवारपासून तिने दुसरं चर्च गाठलं. गुडघे टेकले म्हणून कुणालाही कम्युनियन नाकारता येत नाही, आणि उभं राहिलं म्हणूनही नाही, असं रोमच्या २००४ च्या सूचनापत्रात स्वच्छ लिहिलेलं आहे. तिला कुणी नाकारलं नव्हतं हे खरं. तिला उठवलं होतं. आणि उठवणाऱ्या बाई त्याच होत्या, समासात खुणा करून यशया वाचणाऱ्या.

मी दोघींशीही बोलले. बाईंनी सांगितलं ते असं: त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना वेदीपुढच्या कठड्याशी सगळे रांगेत गुडघे टेकून होते, आणि फादर त्यांच्या आईला वगळून पुढे गेले. आई एका प्रॉटेस्टंट मैत्रिणीच्या लग्नाच्या उपासनेला गेली होती, तेवढ्यावरून. सगळ्या गावादेखत आई तशीच गुडघ्यांवर राहिली. तेव्हापासून गुडघे टेकलेलं माणूस पाहिलं की त्यांच्या अंगावर काटा येतो. मुलीने सांगितलं ते असं: ती विश्वासमंत्र पाठ म्हणत होती, पुस्तकं वाचत होती, पण आपण खरंच विश्वास ठेवतो का हे तिला कळत नव्हतं. ते कळलं गुडघे टेकल्यावर. शरीर आधी वाकलं आणि मन त्याच्या मागून गेलं.

या दोघींपैकी कुणीही खोटं बोलत नाही. एकीला जे अपमानाचं ठिकाण वाटतं, त्याच ठिकाणी दुसरीला देव भेटला. बिशप महोदय, हे दोन्ही अनुभव एका खोलीत, एका टेबलाशी बोलले गेले असते तर त्या रविवारी कुणी कुणाला उठवलं नसतं, आणि कदाचित त्या यादीतून कुणाचं नावही गेलं नसतं. ते टेबल मांडणं हे आपलं काम होतं.

ज्येष्ठांना तरुण मंडळी हिणवतात तेव्हा मला राग येतो. गिटार, भित्तिपत्रकं, गाण्यांची पुस्तकं यांवर हसणं सोपं आहे. त्या पिढीच्या जखमा पाहिल्याशिवाय हसणं हा क्रूरपणा आहे. १९६३ साली पोप जॉन तेविसावे यांनी संततिनियमनाच्या प्रश्नावर एक आयोग नेमला, पोप पॉल यांनी तो वाढवला, त्यात विवाहित जोडपीही घेतली. १९६६ साली बहुमताने शिकवणुकीत बदल सुचवला. २५ जुलै १९६८ च्या विश्वपत्राने, म्हणजे पोपनी साऱ्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पत्राने, तो नाकारला. मधल्या वर्षांत लाखो जोडप्यांनी आशा धरली होती. त्यानंतर कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली द्यायला, जाणं कितीतरी बायकांनी सोडलं ते सोडलंच. मिस्सेला येत राहिल्या, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवत राहिल्या, स्वतः मात्र मनात ओझं घेऊन जगल्या. आज तेच विश्वपत्र वाचून एखादं तरुण जोडपं नैसर्गिक पद्धत आनंदाने स्वीकारतं. त्यांच्या आनंदाबद्दल मला शंका नाही. त्यांनी तो स्वतः निवडला आहे. त्यांच्या आजीला मात्र तो पर्याय म्हणून कुणी सांगितला नव्हता, कुमसाराच्या जाळीपलीकडून हुकूम म्हणून सांगितला होता. हा फरक तरुण धर्मगुरूंना कळला पाहिजे, आणि तो आजीकडूनच कळेल, पॉडकास्टमधून कळणार नाही.

आणि ज्येष्ठ जेव्हा तरुणांच्या भक्तीला सोंग म्हणतात, भूतकाळात लपणं म्हणतात, तेव्हाही मला तितकाच राग येतो. त्यांना आठवणारा भूतकाळ या मुलांनी पाहिलेलाच नाही, मग ती त्यात लपणार कशी? फ्रान्समध्ये २०२५ च्या ईस्टरला दहा हजारांहून अधिक प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला, आदल्या वर्षापेक्षा पंचेचाळीस टक्क्यांनी जास्त, आणि त्यांतला मोठा हिस्सा अठरा ते पंचवीस वयाचा. ही सगळी मुलं परंपरावादी आहेत असं मुळीच नाही. पण त्यांच्यापैकी बहुतेकांना जुन्या भांडणाची काहीच आठवण नाही. ती अशा जगातून येतात जिथे सगळंच चालतं, सगळंच बदलतं, कशालाच हात जोडायचे नसतात. त्यांना शांतता हवी आहे, धूप हवा आहे, आपल्यापेक्षा जुनं आणि मोठं काहीतरी हवं आहे. साठ वर्षांपूर्वी आपल्या ज्येष्ठांनी जड दार उघडून वारा आत घेतला तेव्हा ते घुसमटलेले होते. ही मुलं उघड्यावर कुडकुडत आली आहेत. दोघांनाही एकच घर लागतं.

या वादात मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की दोन्ही बाजू ज्या कागदांच्या शपथा घेतात ते कागदच वाचत नाहीत. उपासनेवरचं महासभेचं संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी २,१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झालं. पुरोगामी मंडळींनी ते पुन्हा एकदा उघडावं. लॅटिनचा वापर टिकवून ठेवावा असं त्यात लिहिलं आहे. मिस्सेतले आपल्या वाट्याचे भाग लोकांना लॅटिनमधूनही म्हणता, गाता यावेत यासाठी काळजी घ्यावी असं लिहिलं आहे. ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे जुन्या लॅटिन उपासनागायनाला, मानाचं स्थान द्यावं असं लिहिलं आहे. धर्मगुरूने लोकांकडे तोंड करून मिस्सा करावी असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते नंतर आलं. मग एखाद्या मुलाने मिस्सेत 'सांक्तुस' ('पवित्र, पवित्र, पवित्र' हे स्तोत्र) लॅटिनमधून गाऊ या म्हटलं, तर तो महासभेचा शत्रू कसा ठरतो?

परंपरावादी मंडळींनीही तेच संविधान वाचावं. श्रद्धावंतांनी उपासनेत पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय भाग घ्यावा, हे सगळ्या सुधारणांमागचं मुख्य उद्दिष्ट आहे असं त्यात ठासून सांगितलं आहे. आणि जी मिस्सा शतकानुशतकं जराही बदलली नाही असं आपण म्हणतो, ती आज ज्या पुस्तकातून होते ते पुस्तक १९६२ चं आहे. त्याआधी १९५५ साली पोप पायस बारावे यांनी पवित्र सप्ताहाचे विधी बदलले होते. १९५९ साली पोप जॉन यांनी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून ज्यूंना 'अविश्वासू' ठरवणारा लॅटिन शब्द काढला. १९६२ च्या नोव्हेंबरात त्यांनीच मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेत संत योसेफ यांचं नाव घातलं, ज्या प्रार्थनेला हात लावायचा नाही असं पिढ्यान् पिढ्या मानलं गेलं होतं. म्हणजे तरुणांच्या हातातलं ते सुंदर, जुनं पुस्तक स्वतःच एका सुधारकाच्या हाताखालून आलेलं आहे. यात त्या पुस्तकाचा कमीपणा नाही. जिवंत परंपरा अशीच चालते.

लैंगिक अत्याचारांच्या बाबतीत तर दोन्ही बाजूंनी जे केलं त्याची मला लाज वाटते. एका बाजूने म्हटलं, महासभेनंतर शिस्त सैलावली म्हणून हे झालं. दुसऱ्या बाजूने म्हटलं, बंदिस्त, सत्तालोभी, जुन्या वळणाच्या पुरोहितशाहीमुळे झालं. फ्रान्सच्या स्वतंत्र आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये अहवाल दिला: १९५० ते २०२० या काळात धर्मगुरू आणि धर्मबंधूंकडून अत्याचार झालेल्या मुलांची संख्या अंदाजे २,१६,०००. त्यात महासभेच्या आधीची वर्षं आहेत आणि नंतरचीही. पुढे अत्याचारी निघालेल्या दोघांचीच उदाहरणं घ्या. 'लीजन ऑफ क्राइस्ट' या धर्मसंघाचे संस्थापक मार्सियाल मासिएल हे शिस्तीच्या, निष्ठेच्या, भरलेल्या सेमिनरींच्या नावाने गौरवले जात होते. अमेरिकेतले थिओडोर मॅकॅरिक हे उदारमतवादी कार्डिनल म्हणून मिरवत होते; २०१९ साली त्यांचं धर्मगुरुपद काढून घेतलं गेलं. दोघांनाही आपापल्या गोटाने वर्षानुवर्षं पाठीशी घातलं. अत्याचार झालेल्या मुलाचा कुठलाच गोट नव्हता. त्याच्या दुःखाचा दाखला देऊन कुणी आपला गोट सजवू नये, निदान हे तरी आपण कडक शब्दांत सांगायला हवं होतं.

आता आपल्याबद्दल. आधी उल्लेख केलेल्या अमेरिकी पाहणीत आणखी एक आकडा आहे. धर्मप्रांतीय धर्मगुरूंपैकी सुमारे निम्म्यांनीच आपल्या बिशपांवर विश्वास असल्याचं सांगितलं. एकूण बिशपांच्या नेतृत्वावर विश्वास असलेले तर चौथा हिस्सासुद्धा भरले नाहीत. हा एका देशाचा आकडा आहे हे मला मान्य आहे. पण या अविश्वासाचं एक कारण कुठल्याही देशातल्या धर्मगुरूला विचारा, तो सांगेल: आज मिळालेलं उद्या राहील याची खात्री नाही. १९८४ साली जुन्या मिस्सेसाठी दार किलकिलं झालं. १९८८ साली महासभेच्या सुधारणांना विरोध करणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशपांचा अभिषेक केला, तेव्हा फूट पडली आणि ती भरून काढण्यासाठी दार आणखी थोडं उघडलं. २००७ साली ते सताड उघडलं. १६ जुलै २०२१ च्या आदेशाने ते जवळजवळ लोटून घेतलं. २००७ साली ज्या घरात मूल जन्मलं, ज्या घराने ख्रिस्तसभेच्याच परवानगीने त्याला त्या मिस्सेत वाढवलं, ते मूल चौदा वर्षांचं झाल्यावर त्याला सांगण्यात आलं की तुमची मिस्सा धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या परिसराच्या, चर्चमध्ये व्हायला नको. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खुलासा आला, ती मिस्सा धर्मग्रामाच्या वेळापत्रकात छापणंही उचित नाही. चौदा वर्षांच्या मुलाने यातून काय समजायचं? आपण नको असलेले आहोत, एवढंच तो समजतो. मग इंटरनेटवर कुणीतरी त्याला सांगतं की पोपच खोटा आहे, महासभाच खोटी आहे, आणि ते त्याला पटू लागतं.

पोप फ्रान्सिस यांची काळजी खोटी होती असं मी म्हणत नाही. जुन्या मिस्सेच्या आडून महासभा नाकारणारे लोक होते आणि आहेत. काही ठिकाणी मिस्सेनंतर होणाऱ्या गप्पांत ज्यू लोकांबद्दल, स्त्रियांबद्दल, पोपबद्दल जे बोललं जातं ते ऐकून उठून जावंसं वाटतं. पण विष पसरवणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून ज्यांनी फक्त प्रार्थना केली त्यांना दाराबाहेर काढल्याने विष कमी झालं नाही. धर्मग्रामापासून तुटलेल्या हॉलमध्ये ते उलट जास्त साठतं. माणूस शेजाऱ्यांमध्ये राहिला तरच त्याला शेजाऱ्यांशी नीट बोलण्याची सवय राहते.

म्हणून माझी पहिली मागणी: ज्या धर्मप्रांतात जुनी मिस्सा होते तिथे ती धर्मग्रामाच्या चर्चमध्ये परत आणण्यासाठी रोमकडे परवानगी मागा. फलकावर इतर मिस्सांच्या शेजारी तिची वेळ लिहा. आणि त्या लोकांनाही सांगा, की तुम्ही याच धर्मग्रामाचे आहात, तेव्हा धर्मग्रामाच्या सभेला या, आजाऱ्यांच्या भेटीला चला, स्थलांतरितांच्या मदतीच्या पाळीत नाव घाला. महासभेची शिकवण मान्य आहे हे त्यांनी आपल्या तोंडून म्हणायला हवं. त्या बाबतीत सूट नको.

त्याचबरोबर, कुठल्याही नव्या धर्मगुरूने धर्मग्रामातली सेवा एका रात्रीत बदलू नये. वाचक, वेदीसेवा करणाऱ्या मुली, कम्युनियन वाटणारे प्रापंचिक यांना हटवायचं असेल तर आधी त्यांच्यासमोर बसून कारण सांगावं लागेल, आणि बिशपांची लेखी संमती लागेल, असा नियम आपण आपल्या धर्मप्रांतात करू शकता. त्याला रोमला विचारण्याचीही गरज नाही. रोममधल्या सिनडच्या, म्हणजे पोपना सल्ला देणाऱ्या बिशपांच्या, सभेत ऑक्टोबर २०२३ मध्ये स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केलं. जी बाई रोममध्ये मत देऊ शकते तिला आपल्या चर्चमध्ये यशया वाचायला बंदी, हे कुणाच्याही बुद्धीला पटणार नाही.

सेमिनरींबद्दल मला फार माहिती आहे असा माझा दावा नाही, पण एक गोष्ट सुचवते. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही महिने निवृत्त धर्मगुरूंच्या निवासात राहायला पाठवा. सेवा करायला पाठवाच, पण ऐकायलाही पाठवा. साठच्या दशकात दीक्षा घेतलेले जे उरले आहेत, त्यांनी कुणासाठी वस्त्या पालथ्या घातल्या, कुणासाठी तुरुंग पाहिला, आणि त्यांच्या बरोबरीचे किती जण पुरोहितपद सोडून गेले, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. ज्येष्ठांनाही विचारू द्या की हा काळा झगा तू का घालतोस, आणि त्याचं उत्तर मध्येच न तोडता ऐकू द्या.

संतांच्या बाबतीत ख्रिस्तसभेने आपल्यापेक्षा जास्त शहाणपण दाखवलं आहे असं मला वाटतं. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी पिएर ज्योर्ज्यो फ्रस्साती आणि कार्लो अकुतिस या दोघांना एकत्र संतपद दिलं. इंटरनेटवरून श्रद्धेबद्दल सांगणाऱ्या किशोरवयीन कार्लोबद्दल तरुणांना सगळं ठाऊक आहे. फ्रस्सातीकडे मात्र दोन्ही पिढ्यांनी नीट पाहावं. हा मुलगा रात्र रात्र पवित्र साक्रामेंतापुढे आराधनेला बसे, रोज कम्युनियन घेई, रोझरी त्याच्या हातातून सुटत नसे. हाच मुलगा फासिस्टांच्या विरोधात उभा राहिला, कॅथलिक लोकपक्षात काम केलं, तुरिनच्या गरीब वस्त्यांत औषधं आणि पैसे घेऊन हिंडला. १९२५ साली चोविसाव्या वर्षी तो पोलिओने गेला. शेवटच्या दिवसांत हात नीट चालत नसताना त्याने एका गरीब आजाऱ्याच्या इंजेक्शनांबद्दल चिठ्ठी खरडली. अंत्ययात्रेला गरिबांची एवढी गर्दी लोटली की आपला मुलगा काय करत होता ते घरच्यांना तेव्हा कळलं. आराधना आणि न्याय यांत त्याला निवड करावी लागली नाही. त्याच्यावर हक्क सांगायला आज दोन्ही बाजू येतात, आणि दोघीही त्याला अर्धा कापून घेऊन जातात.

पोप लिओ महासभा सुरू झाली तेव्हा सात वर्षांचे होते. महासभेत बसलेले, तिच्यासाठी भांडलेले किंवा तिला घाबरलेले पोप आता मागे पडले. त्यामुळे ही वेळ चांगली आहे. भांडण ज्यांनी सुरू केलं ते बहुतेक हयात नाहीत, आणि जे हयात आहेत ते अजून बोलू शकतात.

नाताळाआधीचा आगमन काळ सुरू होण्याआधी आपल्या धर्मप्रांतातल्या प्रत्येक धर्मग्रामाला सांगा, की एका संध्याकाळी दोन्ही पिढ्यांनी एकत्र बसावं. त्या दिवशी कुठलाही ठराव नको, मतदान नको, भाषण नको. ज्येष्ठांनी सांगावं की त्यांना काय सहन करावं लागलं होतं आणि महासभेने त्यांना काय दिलं. तरुणांनी सांगावं की ते का आले. त्यानंतर प्रत्येकाने एक गोष्ट सांगावी जी समोरच्या पिढीकडून ते ठेवून घेऊ इच्छितात. सभेला आपण स्वतः हजर राहा, आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर न बसता सगळ्यांच्या रांगेत बसा. पुढच्या वर्षी कुठल्या चर्चमध्ये कुठली मिस्सा, कोण वाचणार, कोण शिकवणार हे ठरवताना त्या संध्याकाळी ऐकलेलं समोर ठेवा, आणि जे ठरवाल त्याचं कारण लोकांना लेखी कळवा. आपण अशी सभा बोलावलीत तर मी येईन, आणि दोन्हीकडच्या ज्या माणसांना मी ओळखते त्यांना सोबत घेऊन येईन.

ख्रिस्तात आपली,
एक प्रापंचिक